मणक्यातली गॅप

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनचं पोतं उचलताना निवृत्तीच्या कमरेत चमक भरली. एक्स-रेचा फोटो काढणारा बोलता बोलता म्हणून गेला, "मणक्यात गॅप हाय." कंबर पुढं बरीच सावरली, अधूनमधून दुखायची एवढंच; पण ती गॅप निवृत्तीच्या डोक्यात जाऊन बसली. वाकलो की मणका निसटणार, अशी त्याची खात्रीच झाली. चपला बायको, विजयमाला, पायात सरकवायची. जमिनीवर पडलेली वस्तू त्याच्या लेखी पाताळात गेलेली असायची. केजच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुखतंय ते खरं, पण मोडण्यासारखं काही नाही. थोडं थोडं वाकत जा. बाईंचं कोवळं वय बघून निवृत्तीनं तो सल्ला सोडून दिला.

त्या दिवशी विजयमाला बचत गटाच्या बैठकीला गेली होती. शेजारच्या सुग्रीवची शेळी सारखी घरात घुसायला लागली. निवृत्तीनं तिला हुसकून दार लोटलं आणि पायाच्या अंगठ्यानं खालची कडी दाबली. कडी फरशीच्या भोकात खटकन बसली. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की दाबायला अंगठा पुरतो, वर ओढायला वाकावं लागतं.

तेवढ्यात फोन वाजला. गडबडीत तो हातातून सुटून खाली पडला आणि तिथूनच वाजत राहिला. फोन मेहुण्याचा, केजच्या उत्तरेश्वरचा. निवृत्तीनं अंगठ्यानंच तो कसाबसा उचलला, म्हणजे चालू केला, आणि वरूनच ओरडून सांगितलं, "खाली पडलंय. वाकता येईना मला, अन् उचलाया घरात कुणी न्हाई." पुढं काही बोलायच्या आत अंगठा घसरला आणि फोन बंद पडला.

उत्तरेश्वरनं ऐकलं ते एवढंच, की दाजी पडलेत. त्यानं सुग्रीवला फोन लावला आणि स्वतः जीप काढली. सुग्रीव दार वाजवायला लागला तशी गल्ली जमली. आपल्याला काही झालेलं नाही, फक्त कडी काढता येईना, असं निवृत्ती आतून परोपरीनं सांगत होता. समोरच्या घरातल्या भिवराबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि बाकीच्यांना समजावलं, "हातबी गेले म्हणायचे."

जीप आली. उत्तरेश्वरनं कुणाचं ऐकून न घेता दार फोडायचं ठरवलं. ते सागवानी दार निवृत्तीनं परवाच्या उन्हाळ्यात हौसेनं बसवून घेतलेलं. बाहेरून पहिला खांदा बसला तसं चौकटीनं अंग सोडलं, आणि निवृत्तीच्या काळजात कळ आली. त्यानं एका हातानं भिंत धरली, श्वास रोखला आणि वाकला. आता काडकन आवाज येणार म्हणून डोळे घट्ट मिटले. कंबर ताणली गेली. दुखलंही. पण रोजच्याएवढंच दुखलं. त्यानं कडी वर ओढली आणि बाजूला झाला.

नेमका त्याच क्षणी उत्तरेश्वरनं दुसरा खांदा घातला. अडवायला दारच राहिलं नव्हतं. तो थेट खाटेच्या कडेवर जाऊन आपटला आणि कमरेवर हात ठेवून खाली आडवा झाला. निवृत्तीनं विचार न करता त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून खाटेवर बसवलं. उत्तरेश्वरचा देह सोयाबीनच्या पोत्यापेक्षा काही हलका नव्हता.

सगळे दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागले. शेवटी भिवराबाईंनी विचारलं, "ह्यातला पेशंट कोणचा?"

पेशंट उत्तरेश्वर होता. त्याला डॉक्टरकडं न्यायचं ठरलं; जीप सुग्रीवनं चालवायची. विजयमाला घराशी पोचली तेव्हा तिचा भाऊ तिच्या नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून पाऊल पाऊल जीपकडं चालला होता. ती धावतच पुढं झाली.

"आरं उत्तरेश्वर, त्यांच्यावर भार टाकू नको."

"टाकू दे गं," निवृत्ती म्हणाला, "दुखतंय, पण पेलतंय."