मुल्लाणी सरांची थरथर

मुल्लाणी सरांना चहाला बोलावलं की खुर्चीत बसायच्या आधी ते आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला कान लावायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि घरात कुणी आजारी असल्यासारखं हळू आवाजात सांगायचे, "थरथर हाय की हो ह्याला!" घड्याळ बायकोच्या माहेरचं. त्याच्याविरुद्ध मी कधी ब्र काढला नव्हता. पण सरांपुढे तीही गप्प बसायची, कारण थरथर नसलेली वस्तू अल्लानं अजून घडवलेलीच नाही असं सरांचं ठाम मत होतं.

शिवाजी पेठेत ते माझे शेजारी आणि इंजिनिअरिंग कॉलेजात सहकारी. मी गणित शिकवायचो, ते इलेक्ट्रॉनिक्स. रेडिओत ठोका धरणारं एक सर्किट असतं, ऑसिलेटर. त्याचा ठोका किंचित पुढंमागं पडतो. या थरथरीपायी सर लग्न करायचं विसरले, असं पेठेत बोललं जायचं.

"आवाज कमीजास्त झाला तर सर्किट आपलं आपण सावरतंय, मास्तर," ते मला समजवायचे. "पण ठोका एकदा सरकला की सरकला. माघारी येत न्हाय. तिथनंच फुडं चालाय लागतंय."

सरांचं घरही असंच सरकलेलं. थोरले भाऊ मुरगूडला शिंपीकाम करायचे. फुटबॉलचा एक गोल ऑफसाइड होता की नव्हता, यावरून भर मैदानात दोघांचं वाजलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. कोल्हापुरात हे कारण कुणाला किरकोळ वाटत नाही. आता भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "काकाला यायला सांगा," असा निरोप पोरीनं धाडला होता. जाणार का म्हणून विचारलं की सर म्हणायचे, "बघू. प्रोग्रॅम चाललाय."

प्रोग्रॅम म्हणजे हा. कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर आला होता. देवळात शिरावं तसं चपला बाहेर काढून त्याच्या थंड खोलीत जायचं. सरांनी त्याच्या पोटात पुष्कळ खोटी ऑसिलेटरं तयार केली, सगळी एकदम सुरू केली आणि प्रत्येकाला वाटेल तसे बारीक धक्के द्यायला यंत्राला सांगितलं. त्यांचे ठोके पांगायला हवे होते. पण छापून आलेल्या कागदावर सगळी शेवटपर्यंत एका ठोक्यात! सर अनवाणीच माझ्या वर्गात घुसले. "सुटतच न्हाईत, मास्तर! संगंच ऱ्हात्यात!" स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

मला काही पटेना. सरांनाही मनातून पटलं नसावं, कारण त्याच संध्याकाळी ते मला घेऊन तालमीत गेले आणि वस्तादांकडे चक्क पैलवान मागितले. पैलवानांच्या डोळ्यांवर पट्ट्या, कानांत कापूस. हलगीच्या एका दणक्यासरशी सगळ्यांनी बैठका सुरू करायच्या, आपापल्या ठोक्यानं. थोड्याच वेळात कुणी वर, कुणी खाली, एकाचा मेळ दुसऱ्याला नाही.

"माणसं खरं बोलत्यात," सर म्हणाले. "मशीन लबाड हाय."

दुसऱ्या दिवशी चूक सापडली. यंत्रानं धक्के दिले होते, पण सगळ्यांना तेच ते, त्याच क्रमानं. एकाच वेळी एकसारखी धडपडणारी मंडळी वेगळी होणार कशी? "पेढं तर पचलं की, सर," हेडक्लार्क म्हणाले. सर हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

तरी संध्याकाळी पुन्हा तालीम. या खेपेला वस्ताद भडकले. "कापूस बास! माझी पोरं काय मुडदी हायत व्हय?" कापूस निघाला, हलगी वाजली. पैलवानांचे ठोके आधी पांगले. मग शेजाऱ्याचा श्वास, पायांचा दणका कानावर पडायला लागला आणि एकेक जण नकळत सावरत गेला. शेवटी सगळी तालीम एका दमात उठबस करू लागली.

सर मटकन ओट्यावर बसले. "येत्यात की माघारी," ते म्हणाले. "निस्ता आवाज पोचला पायजे. एवढासा पोचला तरी भागतंय." मग माझ्याकडे वळले. "उद्या मुरगूडला येता का माझ्याबरोबर? एकट्याचा पाय उचलंना."

एसटीनं गेलो. भाऊ मशीनवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि शिवण पुरी केली. सर दारातच. मी काचेच्या बरणीतली बटणं बघत उभा.

"लग्नात काय घालणार हाईस?" भाऊ उठत म्हणाले. "सरळ उभा ऱ्हा."

गळ्यातली टेप खांद्यावर आली, हातावर आली. सर कसेबसे म्हणाले, "बाह्या आखूड ठेव, भाई. पंगतीत वाढायला लागंल."

टेप छातीवर थांबली. "लई वाळलायस की रं. कोण करून घालतंय का न्हाय?"

सरांनी डोळे पुसायला हात उचलला.

"हलू नगंस," भाऊ म्हणाले. पण टेपवरचा आकडा त्यांनाही काही वाचता येईना.