चिंगीचं माहेरपण

गजातात्या डुकरीण विकत नाहीत, ‘देतात’. पैसे घेतात हो, पण बोलताना मुलगी दिल्यासारखं बोलतात. “थोरली शहाडला दिली, चिंगीला बदलापूरला दिली, धाकटीचं बगतंय अजून.” पालेगावात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे ऐकलं आणि भाबडेपणाने विचारलं, “जावई काय करतात?”

तात्यांनी शांतपणे विचारलं, “कंचा जावई? दोन पायांचा का चार पायांचा?”

मी रिटायर्ड नर्स. उल्हासनगरच्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं “जोर लाव गं!” म्हणून ओरडण्यात गेली, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि सहनशक्ती छोटी. आमच्या बिल्डिंगच्या कुंपणापलीकडे तात्यांचे पाच गुंठे आहेत. त्यांच्या बाकीच्या जमिनीवर आम्ही राहतो. वारा आमच्या दिशेने वळला की तिसऱ्या मजल्यापर्यंत डुकरांची खबर पोचते. सोसायटीने तक्रार करायला मला पाठवलं, कारण अर्थातच आवाज. मी भांडायला गेले आणि चहा पिऊन, हातात अळूची जुडी घेऊन परत आले. तेव्हापासून सोसायटी मला कुठेही पाठवत नाही.

तर डुकरीण देताना तात्यांची एकच अट असते. “पयलं बालंतपन माहेरी. पुढची तुमची तुमी बगा. रीत ती रीत.” घेणारे हसून हो म्हणतात. म्हातारा विसरेल असा त्यांचा अंदाज. शहाडवाल्याने तर सरळ फसवलं. फोन आला तेव्हा पिल्लं महिन्याची झाली होती. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

चिंगी गाभण असल्याचं महेशने कळवलं, तेव्हा तात्या भिंतीवरचं कॅलेंडर काढूनच माझ्याकडे आले. महेश म्हणजे चिंगी घेतलेला बदलापूरचा तरुण, मोबाइलवर व्हिडिओ बघून वराहपालन शिकलेला.

“शिष्टर, पोरीला सातव्यात आनायची. सातवा कवा लागतो?”

“तात्या, डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते. तुम्हीच सांगितलंत मला. तिला सातवा लागेलच कसा?”

“म्हनून तर शिकल्यासवरल्या मानसाकडं आलो. हिशोब करा.”

करते काय! गॅसच्या बिलामागे त्रैराशिक मांडलं. नऊ महिन्यांना एकशेचौदा दिवस, तर सहा महिन्यांना किती? शहात्तर. “सत्त्याहत्तराव्या दिवशी सातवा लागतो,” मी जाहीर केलं. तात्यांनी त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवलं.

पण महेश ऐकेना. “काका, गाभण जनावर टेम्पोत घालणं रिस्की असतं. माझं शेड नवीन आहे, मी करतो ना सगळं.” तात्यांचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा जेवण बंद. हिराकाकू, म्हणजे तात्यांच्या बायको, मला कुंपणापाशी बोलावून म्हणाल्या, “तुमी बोला ओ त्याला. ही पन पोर नाय आली ना, तर हा मानूस हाय खाईल.”

मी फोन लावला. “महेश, पहिलटकरीण आहे ती, जरा विचार कर!”

“मॅडम, डुकरीण आहे ती.”

“पहिलटकरीण ती पहिलटकरीणच! तू आजवर किती बाळंतपणं केलीस?”

“व्हिडिओत बघितलीत,” तो हळूच म्हणाला. मी माझ्या जुन्या वॉर्डातल्या आवाजात त्याला चार गोष्टी सुनावल्या. रविवारी टेम्पो निघाला.

काय ती मिरवणूक! टेम्पो बैलगाडीच्या चालीने चाललेला, मागे पेंढ्यावर चिंगी, तिच्या शेजारी मांडी घालून तात्या. हॉर्न मारणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवून सांगत होते, “दमानं, पोटुशी हाय!” घरी आल्यावर हिराकाकूंनी भाकरतुकडा ओवाळला आणि चिंगीची ओटी भरली. चिंगीने तांदूळ खाल्ले, खोबरं खाल्लं, आणि आम्ही ‘अगं अगं’ करेपर्यंत खणही खाल्ला. चांगला नारायणपेठी. पुढचे दोन दिवस आम्ही तिघं कशाची वाट बघत होतो ते सांगत नाही, पण सुटका झाली एकदाची.

तात्यांच्या घरच्या डुकरिणी एरवी शेडमध्ये पेंढ्यावर बिनबोभाट वितात. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, “त्या सुना. ही माहेरवाशीन.” माहेरवाशिणीसाठी त्यांनी घरामागची खोली चुना मारून तयार केली. खिडक्यांना पोती, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, वर शेपा-ओव्याची धुरी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये ना!

दिवस भरले त्या सकाळी हिराकाकूंची हाक आली. मी गेले तर तात्या खोलीच्या बंद दाराबाहेर पाटावर बसलेले. “आत काय झालंय?” “मना काय ठावं. बापानं आत जायाचं नस्तं.” ज्या माणसाने कोपरापर्यंत हात घालून शेकड्याने पिल्लं ओढून काढली, तो बाहेर हात जोडून बसला होता!

मी दार उघडलं आणि माझाच जीव घुसमटला. नुसती भट्टी! चिंगी तोंडाला फेस आणून धापा टाकत होती, धड बसत नव्हती, पोती फाडायला भिंतीवर चढत होती. मी पोती ओढून काढली, शेगडी बाहेर फेकली.

“अवो, वारा लागंल!” बाहेरून तात्या ओरडले.

“गप्प बसा! लाड करून मारताय तिला. वाराच हवाय तिला. पेंढा आणा!”

पेंढा आला. चिंगीने तो तोंडाने ओढून, उकरून स्वतःची गादी केली आणि हुश्श करून आडवी झाली. पिल्लांना ऊब हवी म्हणून कोपऱ्यात फळी लावून बल्ब पेटवला. दुपारपर्यंत नऊ झाली. दर पाच मिनिटांनी बाहेरून प्रश्न, “झाली काय सुटका?” दहावं मात्र गार पडलेलं, श्वास नाही. “मऊ कापड द्या!” मी ओरडले. हिराकाकू धावत जाऊन एक बोचकं घेऊन आल्या. मी पिल्लाच्या तोंडातलं पाणी काढलं, उलटं धरलं, चोळत राहिले. बऱ्याच वेळाने ते किंचाळलं. इतका गोड आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

मग हातातल्या कापडाकडे लक्ष गेलं. हाताने शिवलेलं, कोरं करकरीत दुपटं. कडेला पोपट भरलेले.

“काकू, हे कसलं आणलंत?”

“आमच्या वैशूच्या बालासाठी शिवल्याली.” काकू पिल्लांकडे बघत बोलत होत्या. “तिची सासरची म्हनली, डुकरं पालनाऱ्यांच्यात आमची सून बालंत नाय होनार. ह्यांनी सगली डुकरं इकली. जागा धुतली, दोनदा चुना मारला. तरी नाय धाडली, मंग परत डुकरं आनली. चार वरसं झाली. नातू फोनात दिसतो.”

मला असा संताप आला की त्या सासरच्यांना तिथल्या तिथे फोन लावून झापावं. पण दोन्ही हात बरबटलेले होते.

दार उघडून मी सांगितलं, “तात्या, दहा! दहाही जिवंत. आईसुद्धा ठीक.”

ते उठले नाहीत. “लय वराडली काय ओ?”

“नाही, शहाणी आहे पोर.”

“शिष्टर, तुमच्या दवाखान्यात पोरी वराडायच्या, तवा भायेर त्यांच्या बापाला ऐकू जायाचं ना?”

“जायचं की. निम्मे बाप बाकावर बसून रडायचे.”

तात्यांनी मान हलवली. “मना आमच्या वैशूचं ऐकूच नाय आलं,” म्हणाले.

मी दार सताड उघडून बाजूला झाले. म्हटलं, “आत या.”

“बापानं आत...”

“बाळंतपण झालंय आता. चपला काढा आणि या.”

ते चपला काढून आत आले. पिल्लांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चिंगीच्या डोक्याशी उकिडवे बसले, तिच्या कानामागे हात फिरवत राहिले. ती डोळे मिटूनच घुरघुरली.

“झोप बाय,” तात्या म्हणाले. “आता सवा मयना कुटं जायाचं नाय.”