सौना बंद आहे

हिवाळ्यात मोटारसायकल कुठे ठेवायची हा काय प्रश्न आहे का, असं तुओमो व्हान्स्का सप्टेंबरभर बस डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवत होता. "डोकं लागतं त्याला," तो म्हणायचा. "जागा काय, ढीगभर पडल्यात!"

ऑक्टोबर सरत आला तेव्हा त्या ढिगातली एकही उरली नव्हती. डेपोच्या साहेबांनी नाही म्हटलं. मेहुण्याच्या गॅरेजात होडी होती. त्यांच्या सहा घरांच्या रांगेत सायकलींची सामायिक खोली होती, पण सोसायटीच्या अध्यक्ष ओर्वोक्कीबाई, वय वर्षं सत्तर, नियमाच्या बाबतीत देवालाही सूट देणाऱ्या नव्हेत. त्यांनी दारातच सातवं कलम वाचून दाखवलं. "सायकल, बाबागाडी, बर्फगाडी. मोटारसायकल दिसते का कुठे तुम्हाला?"

उघड्यावर ठेवावी, तर इसाल्मी गावची उणे तीसची थंडी. आणि घरात ठेवायची सोय राहिली नव्हती. मागचा हिवाळाभर गाडी घरातल्या बोळात होती आणि बायकोच्या, मार्केत्ताच्या, नडग्या रोज पेडलवर आपटत होत्या. तिने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "यंदा ती घराच्या चार भिंतींत दिसली, की त्याच दिवशी विकायची. दे शब्द." तुओमोने शब्द दिला. ती निळी गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण दुसरं करणार काय बिचारा!

आणि मार्केत्ता चार दिवस बहिणीकडे गेली. तुओमो घरभर फिरला आणि सौनेपाशी, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीपाशी, थांबला. कोरडी, लाकडी, उबदार, शिवाय मागच्या अंगणातून थेट आत जायला दार! म्हणजे गाडी घरात येतच नाही, बाहेरून सौनेत जाते. हा युक्तिवाद त्याला इतका आवडला की त्याने तो स्वतःला दोनदा ऐकवला. मग खालचा बाक काढला, टाकीतलं पेट्रोल काढलं, चुकून कुणी सौना तापवायची विजेची भट्टी पेटवू नये म्हणून तिचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि गाडी आत सरकवली. माप घेऊन शिवल्यासारखी बसली. घरातल्या बाजूच्या दाराला कुलूप घालून त्यावर पिवळी पट्टी आणि पाटी लावली: धोका. वीज. आत जाऊ नये.

"हे काय?" परत आल्या आल्या मार्केत्ताने विचारलं.

"भट्टी गेली. एप्रिलमध्ये बघू."

"एप्रिल? आणि गाडी कुठेय तुझी?"

"मिळाली जागा. कोरडी आहे. फुकट."

इथेच तुओमोने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्या गावात तुम्ही सांगा, बायको सोडून गेली, नोकरी गेली, छप्पर उडालं. शेजारी मान हलवतील आणि तुम्हाला एकट्याला दुःख करू देतील. पण सौना बिघडली म्हणालात, की संपलं. ती सगळ्या गावाची आपत्ती.

चार नंबरचा रेइयो अकरा वर्षांत "मोई", म्हणजे नमस्कार, यापलीकडे एक अक्षर बोलला नव्हता. तो सॉसेजचं पाकीट घेऊन दारात उभा. "शनिवारी सहाला. आमच्याकडे," तो म्हणाला आणि एवढं मोठं भाषण झाल्याने लाल होऊन निघून गेला. मग दोन नंबर आले, मग पाच. आठवडा भरून गेला. नाही म्हणायची सोय नाही, कारण सौनेला नाही म्हणणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर गुन्हेगार. तुओमो रोज संध्याकाळी उकडलेल्या बटाट्यासारखा होऊन घरी यायचा.

घाम नुसत्या वाफेचा नव्हता. वरच्या बाकावर उघडंवाघडं बसून यजमान हमखास विचारायचा, "झालंय काय भट्टीला?" सौनेत खोटं बोलू नये, ते चर्चमध्ये बोलण्याइतकं वाईट, हे तुओमोला आईने शिकवलं होतं. तरी तो बोलला. रेइयोला म्हणाला, तार जळाली. दोन नंबरला म्हणाला, भट्टीवरचे तापायचे दगड फुटले. पाच नंबरला काहीच सुचेना, तेव्हा उंदीर म्हणाला.

ही तिन्ही कारणं ओर्वोक्कीबाईंकडे जमा झाली. जळकी तार, फुटके दगड आणि उंदीर एकाच भट्टीत! म्हणजे सहाही घरांना आग लागायची. त्यांनी शनिवारी दुपारी तपासणी ठरवली. इकडे मार्केत्ताने नवऱ्याची दया येऊन वडिलांना फोन केला होता. सासरेबुवा एलिस, वय एक्क्याऐंशी, जन्मभर वीजतंत्री. ते बर्फातून तीन तास गाडी हाकत नवीकोरी भट्टी घेऊन आले. नाताळची भेट, आगाऊ.

तुओमो सौनेच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. समोर सासरे, बायको, अध्यक्षबाई आणि मदतीला रेइयो.

"जावईबापू, बाजूला व्हा."

"करंट बसेल हो, बाबा."

"मला साठ वर्षं बसतोय."

दार उघडलं. लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेली गाडी आरामात उभी होती. वरच्या बाकावर, टॉवेल अंथरून, तिची बॅटरी बसली होती.

सासरेबुवांनी वाकून भट्टी पाहिली. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. "फ्यूज?"

तुओमोने खिशातून काढून दिला.

मार्केत्ताने बोटाने भिंती मोजल्या. "एक. दोन. तीन. चार. शब्द दिला होतास ना?"

"दिला होता," तुओमो म्हणाला. त्याने गाडीवरची घोंगडी उगाच सारखी केली. रेइयो सभ्यपणे छताकडे बघू लागला.

"कुठल्या सालची?" ओर्वोक्कीबाईंनी विचारलं.

"दोन हजार चार."

"मी घेते. अशा का बघता? एकाहत्तर सालचं लायसन्स आहे माझ्याकडे. आमचे हे होते तोवर घेऊ देत नव्हते. म्हणायचे, ठेवणार कुठे?"

"मग आता कुठे ठेवणार?" तुओमोला उगाच आशा वाटली.

"दिवाणखान्यात. टीव्हीसमोर. माझ्या घरात मला विचारणारं कोण आहे?"

सोमवारी कागदपत्रं झाली. हिवाळाभर तुओमो शनिवारची सौना आटोपून बाईंकडे जायचा, कॉफी आणि वेलचीचा पाव घ्यायचा, आणि फडक्याने गाडी पुसायचा. तेवढी मुभा होती. पुसताना बोलायची नव्हती, कारण बाईंची मालिका चालू असायची.

मे महिन्यात रस्ते कोरडे झाले. बाईंनी गाडी अंगणात आणून सुरू केली. तुओमो आधीच हेल्मेट घेऊन कुंपणापाशी हजर.

"एकदा चालवू का?" त्याने लाजत विचारलं. "कोपऱ्यापर्यंतच."

"कागदावर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग बसा मागे. आणि कमरेला हात लावायचा नाही, मागची दांडी धरायची."

तुओमोने मुकाट्याने दांडी धरली.