साळवीकाकांचा घरगुती लाईट

साळवीकाका दुकानात शिरले की विकायला ठेवलेला नवा लाईट उचलतात, उपडा करतात आणि त्याच्या पोटाकडे बघून म्हणतात, "यात आहे काय, शेठ? एक पट्टी नि चार वायरी." हे ते माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणतात. पाकीट काढलेला माणूस पाकीट परत खिशात घालतो.

कल्याणच्या फुटपाथवर पिशवीतले शोभेचे मासे विकत मी हे दुकान उभं केलं. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. फक्त डोंबिवलीच्या या रिटायर्ड बँक क्लार्कला फिशटँकचा एक एलईडी लाईट मला विकता आला नाही. तयार लाईट बाराशेचा. "घरी केला की तीनशेत होतो," हे त्यांचं पालुपद.

तो तीनशेचा लाईट गेलं वर्षभर होतोय. पहिली पट्टी त्यांनी थेट घरच्या प्लगमध्ये खुपसली; ती जळाली. दुसरीत पाणी शिरलं. तिसरी तापते म्हणून तिच्याखाली लावायला बाथरूमच्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली; तेव्हापासून ती खिडकी लागत नाही. दर रविवारी जळकी पट्टी रुमालात गुंडाळून आणायची, मला तपासायला लावायची आणि स्टूल अडवून तासभर बसायचं. विकत घ्यायचं काही नाही.

एकदा मी सगळा खर्च मांडून दाखवला. चार हजारांच्या वर गेला.

"ते शिक्षणाच्या खात्यात टाका," काका म्हणाले.

मी भडकलो. म्हटलं, एवढ्यात तुमच्या माशांना सोलापुरी चादरी आल्या असत्या. ते हसले नाहीत. चादर भिजते, म्हणाले.

मग दोन रविवार ते फिरकले नाहीत. दुसरं दुकान धरलं असणार, या विचाराने माझं डोकं फिरलं. लाईट पिशवीत टाकला. खरेदीच्या भावात द्यावा लागला तरी चालेल, पण आज विकूनच यायचं, असं ठरवून त्यांचं घर गाठलं.

दार काकांनीच उघडलं. अंगात ताप, डोक्याला मफलर. मागे हॉलमध्ये टँक झगमगत होता. त्यावर विकतचा लाईट, तोही भारीतला.

"हा कधी घेतलात?" माझा आवाज चढला.

"ही होती तेव्हा. तिनेच ठाण्याहून आणला, दुकानदाराने सांगितला तो भाव देऊन." भिंतीवरच्या फोटोचा हार त्यांनी उगाच सरळ केला.

"मग वर्षभर हे काय चाललंय?"

टेबलावर एक पट्टी उघडी पडली होती. काका ती रुमालात गुंडाळू लागले. "तुमच्याकडे रिकाम्या हाताने कसं येणार?"

पिशवी मी खुर्चीमागे सरकवली. चहा घेतला आणि तशीच परत आणली.

पुढच्या रविवारी ते आले. गिऱ्हाईक उभं असतानाच लाईट उपडा केला.

"शेवटचा भाव बोला, शेठ."

बाराशेच्या लाईटचा मी दीड हजार सांगितला.

"लूट आहे," काका म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.