कुकरातले आठ दगड

मी एखादी गोष्ट ठरवली की ती होतेच. हे मी गर्वानं सांगत नाही, पुराव्यानिशी सांगते. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि अकरा वर्षांत माझ्या ताब्यातलं एकही पुस्तक गहाळ झालेलं नाही. प्राध्यापक निवृत्त होऊन नातवंडांत रमले, तरी मी त्यांच्या दारात उभी राहून पुस्तक परत आणलेलं आहे! तेव्हा आईच्या पाठीला आराम द्यायचा असं मी ठरवल्यावर त्या पाठीनं निमूटपणे आराम घ्यायला हवा होता.

पण पाठ आईची होती.

आमचं सेलूजवळ भाजीपाल्याचं वावर आहे. चाळीस वर्षं आई तिथं वाकलेली. मी नागपूरच्या एका स्पाबद्दल वाचलं होतं. तिथं मंद दिवे लावतात, बासरी वाजते आणि पाठीवर गुळगुळीत गरम दगड ठेवून मालिश करतात. मी आईला म्हटलं, चल.

"दगडानं मालिश?" आई म्हणाली. "जनमभर वावरातले दगड वेचले, बाई. आता ते पाठीवर ठेवून घ्याले नागपूरले जाऊ?"

"अगं, शीण जातो त्यानं."

"अन् परक्या बाईसमोर पाठ उघडी टाकू? तू जाय. तुही पाठ शिकेल हाय."

मग मी ठरवलं, स्पा घरीच आणायचा! या विषयावरचं एक पुस्तक वाचलं, सहा व्हिडिओ पाहिले, बोर नदीच्या पात्रात उतरून सात दगड निवडले. काळे, चपटे, भजं तेलातून काढून जरा दाबावं तसे. रविवारी दुपारी आईला बाजेवर पालथं झोपवलं, पाठीवर पंचा टाकला आणि त्यावर सात दगड मांडले.

"बरं वाटतंय?"

"वाटते."

"मग चुळबुळ कशाला करतेस?"

"मेथीची टोपली इकडे सरकव जरा."

उद्या बाजार होता. आईनं पालथ्या पालथ्या, पाठीवर सात दगड घेऊन, बाजेच्या खाली हात सोडून मेथीच्या जुड्या बांधायला सुरुवात केली! मी बासरी लावली होती. तिच्या तालावर जुड्या होत होत्या.

"आई, याला आराम म्हणतात. यात काही करायचं नसतं!"

"काही न करता पडून राह्यली तं लोक म्हणतीन, बिमार हाय."

दहा मिनिटांत ती उठली. दगड जांभळांसारखे टपाटप खाली पडले. मी रागावून ते डब्यात भरले आणि बजावलं, की पुढच्या रविवारी पूर्ण एक तास, मेथीबिथी काही नाही. "येजो तं खरी," ती म्हणाली, आणि जुड्यांवर पाणी शिंपडायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वांग्याच्या वाफ्यात खाली बसली. ती उठली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ती नवव्या दिवसाची आहे.

नऊ दिवस बाबा सतरंजीवर बसून भेटायला येणाऱ्यांना सामोरे जात होते. नवव्या दुपारी ते कुणाला तरी पोचवायला म्हणून उठले आणि अर्ध्यावरच राहिले! काटकोनात! पाठ वर जाईना, खाली जाईना. विळ्यासारखे वाकलेले बाबा नजर जमिनीवर ठेवून म्हणाले, "समू, मी अटकलो."

उद्या दहावा. नदीवर दोन तास मांडी घालून बसायचं, पिंड द्यायचे. कैलासकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "दादा, तुम्ही पडून राहा. मी बसतो उद्या."

बाबा वाकल्या वाकल्या म्हणाले, "बायको माही होती, कैलास. बसीन तं मीच."

ते ऐकलं आणि मी ठरवलं. उद्या सकाळपर्यंत बाबा सरळ झाले पाहिजेत! दगडांचा डबा काढला. घरातली सगळी पातेली पाहुण्यांच्या वरणाभातात गुंतलेली, म्हणून दगड कुकरात घातले. डब्यात सात असायला हवे होते, आठ निघाले. मी खूश झाले. बाबांच्या कमरेचा घेर पाहता एक जास्त हवाच होता.

तेवढ्यात आनंदाआत्या आडवी आली. आत्या बाबांची थोरली बहीण. नऊ दिवस आमच्या घराचा कारभार तिच्या एका भुवईवर चालला होता.

"सुतकात तेल लावतेस बापाले?"

"तेल नाही आत्या, बाम आहे."

"बाम म्हणजे काय?"

"औषध."

आत्यानं विचार केला. "लाव. उरला तं माह्या गुडघ्याले ठेवजो."

दोन शिट्ट्या झाल्या. बाबांना बाजेवर कसंबसं आडवं केलं, पाठीला बाम चोळला, पंचा टाकला, मनगटावर ताप पाहून एकेक दगड ठेवला. बाबांनी डोळे मिटले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मी मनात म्हणाले, बघ आई! असं करायचं असतं!

आणि बाहेर अंगणात कैलासकाका ओरडले, "खडा कुठी गेला?"

जीवखडा! चितेला फेरे घालताना पाण्याच्या मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात, तो दगड. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्याच्या आसऱ्याला असतो, म्हणून तो घराबाहेर जपून ठेवतात आणि दहाव्याला पाण्यात सोडतात. आमचा अंगणात निंबाखाली, मातीच्या परळात, पांढऱ्या फडक्यात होता. काका रोज संध्याकाळी त्याच्यापुढे दिवा लावायचे. आता फडकं कुंपणाला अडकलेलं होतं आणि परळ रिकामं!

"कुत्र्यानं नेला असन," आत्या म्हणाली.

"कुत्रा दगड कायले नेईन? कुत्र्याले आपण मारतो दगड!"

तेव्हा काकांची सून वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात आली. लग्नाला चार महिने झालेली, कुणी सांगायच्या आत काम करणारी मुलगी.

"मामाजी, तो काळा दगड का? तो तं ताईंच्या मालिशचा होता. बाहेर पडेल दिसला. म्या धुतला अन् डब्यात ठेवून देल्ला."

तिची काही चूक नव्हती. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. तो दगड पुरुषांनी पाहिलेला, आम्ही फक्त फडकं पाहिलेलं. फडकं वाऱ्यानं उडालं, मग उरला तो दगड. मला तरी कुठे ओळखू आला? नऊ दिवस मी निंबाकडे पाहायचंच टाळलं होतं.

सगळे आत धावले. बाबा पालथे, पाठीवर आठ दगड, प्रत्येकातून बामाची वाफ!

"दादा, हलू नका!" काका ओरडले. "वयनी तुमच्या पाठीवर हाय!"

"कोण?" बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. "कुठी?"

"ते समजून नाई राह्यलं! या आठांतली एक!"

मी काकांना म्हटलं, "काका, तुम्हीच उचलला होता ना? ओळखा."

काकांनी छाती पुढे केली. "म्या उचलेल दगड मी नाई ओळखन? काळा होता."

"सगळे काळे आहेत."

"गुळगुळीत होता."

"काका, कुठून उचलला होता?"

"बोरीच्या पात्रातून. घाटाच्या खालून."

तिथूनच मी माझे सात आणले होते. एकाच नदीनं एकाच हातानं घडवलेले दगड! माझ्या ग्रंथालयात असं झालं असतं तर निदान आत शिक्का तरी असता.

आत्यानं एकेक दगड उचलून हुंगला. आठही बामाचे! मग तिला सुचलं, "तुही माय गोपिका स्वभावानं लय गरम. जो दगड सगळ्यात उशिरा निवन, तो तिचा!"

आणि खरं सांगते, आम्ही सगळे बाजेभोवती उभे राहिलो! काकांनी मोबाइलवर वेळ लावली. वर्षाली दर दोन मिनिटांनी हात लावून सांगायची, "हा निवला. हाही निवला." बाबा खालून म्हणाले, "मी उठू का?" आत्या म्हणाली, "गप पडून राह्य, परीक्षा चालू हाय!" शेवटी दोन दगड सारखेच कोमट राहिले, आणि आत्यानं जाहीर केलं की मेल्यावरही गोपिकानं कुणाच्या हाती एका बाजूनं सापडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं.

मग मी गुरुजींना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला,

"गरम कशात केले?"

"कुकरात."

"किती शिट्ट्या?"

"दोन. गुरुजी, शास्त्रात याला काही..."

"शास्त्रात कुकर नाही, बाई. मी आपलं उगाच विचारलं." मग ते म्हणाले, "दुसरा खडा घेऊन चालवतात कुणी कुणी. पण तुमच्याजवळ खरा आहे, फक्त कोणता ते कळत नाही. तुम्ही ठरवा."

आत्या म्हणाली, कोणताही एक घ्या, देव समजून घेतो. काका म्हणाले, ते दोन कोमट घ्या. मी म्हणाले, "नाही. यांतल्या एकात आई असेल तर तिला मी कुकरात परत टाकणार नाही, आणि डब्यातही ठेवणार नाही. ती सापडलीच पाहिजे!"

तेव्हा बाजेवरून आवाज आला. "आठही नेऊ."

आम्ही वळलो. बाबा उठून बसले होते. सरळ! भिंतीला न टेकता!

"ती कधी एकटी गेली का कुठी? बाजारालेही सात बाया जमवल्याबिगर निंघे नाई. जाऊ दे सोबत."

दहाव्याला आम्ही सगळे बोरीच्या घाटावर गेलो. कोणता कोण हे माहीत नाही, म्हणून गुरुजींनी आठही खड्यांना तीळ, पाणी, फूल, सगळं वेगवेगळं दिलं. दोन तासांचं काम चार तास चाललं. बाबा हलले नाहीत. मध्ये एकदा फक्त माझ्याकडे वळून पुटपुटले, "तुह्या मायनं जितेपनी इतका वेळ बसू देल्लं नाई मले."

शेवटी गुरुजी म्हणाले, "कुणाला काही सांगायचं असेल तर खड्याला सांगा, मग सोडा."

बाबांनी खड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "तू सोड. तुले बोलता येते. म्या तिच्यासमोर बोलायची सवय नाई केली."

मी गुडघाभर पाण्यात उतरले. बोलता येतं! वर्ध्यात माझी तीन भाषणं झालेली आहेत, एक तर जिल्हा पातळीवर!

पहिला खडा हातात घेतला. "आई," मी म्हणाले, "बाबांची पाठ बरी आहे." सोडला. दुसऱ्याला सांगितलं, तेरवीची तयारी झाली. तिसऱ्याला, वांगी तोडली, फुकट गेली नाहीत. चौथ्याला, वर्षालीला कुणी रागावलं नाही. पाचव्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही, बहुतेक मेथीचा भाव. सहाव्याला, उरलेला बाम आत्याच्या गुडघ्याला लागला. सातव्याला म्हणाले, "मी मजेत आहे."

ते तोंडातून निघालं आणि मी तशीच उभी राहिले. नोकरी लागली तेव्हापासून रोज रात्री साडेआठला आईचा फोन यायचा. दोनच वाक्यं. "जेवली का? करमते का वं तुले तिथं?" आणि मी अकरा वर्षं एकच उत्तर दिलं होतं, मजेत आहे. कधी हातात पुस्तक असायचं. कधी ती काळजी करील म्हणून. कधी तर फोन ठेवल्यावर वर्ध्याच्या माझ्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीकडे बघत बसायचे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी, मजेत आहे.

ताटात एकच खडा उरला होता. सात गेले होते, आणि सातांनाही मी बातम्या ऐकवल्या होत्या! हा आठवा आईचा नसला तर? आठांतल्या सात शक्यता वाहून गेलेल्या! ग्रंथपालाचा सगळा हिशेब पाण्यात!

"समीक्षे, सोड वं लवकर," आत्या काठावरून ओरडली. "ऊन चढून राह्यलं!"

मी आठवा खडा छातीशी धरला. मग विचार केला, नदी एकच आहे, दगड काही फार लांब गेलेले नसतील. जरा मोठ्यानं बोललं की झालं. काकांनी, गुरुजींनी, पलीकडे म्हशी धुणाऱ्या दोघांनी ऐकलं असतं. ऐकू दे. मी श्वास घेतला आणि सगळ्या पाण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"आई, मले करमत नाई वं! कधीच नाई करमलं!"