चुलीमागचा रांजण

वेइ शानफूच्या रक्तात कोलेस्टेरॉल इतकं साठलं होतं, की तपासणीचा कागद बघून वैद्यबुवांनी आधी त्याच्या बायकोला बसायला खुर्ची दिली. मग फर्मान काढलं: डुकराचं मांस बंद, दारू बंद आणि रोज सकाळी पेजेत लाल तांदळाची चमचाभर पूड.

भातावर बुरशी चढवून वाळवलेला हा लाल तांदूळ. गूतियान भागात घरोघरी दारू आंबवतात ती याच्याच जोरावर. आणि शानफू त्या दारूचा गल्लीतला मानाचा परीक्षक. त्याने पळी ओठाला लावून मान डोलावल्याशिवाय कुणी रांजणाचं तोंड बांधत नसे.

"वैद्याला कळतं काय?" तो बायकोला म्हणाला. "औषध तांदळात, तांदूळ दारूत. म्हणजे औषध दारूत!"

"आणि डुक्कर?" ल्यूयिंगने विचारलं.

"ते चवीला."

"चुलीमागच्या रांजणाला हात लावून तर बघ! आपल्या रुइलानच्या बाळंतपणाची दारू आहे ती. महिनाभर पोरीच्या कोंबडीच्या रश्श्यात तीच पडायची. माहेरची दारू कमी पडली, तर विहीणबाई नातवंडाच्या लग्नापर्यंत ऐकवतील."

शानफूने गुणी बाळासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पूड बदकांच्या पोटात आणि पळी रांजणात जाऊ लागली. बायको बाजारात गेली, की तो अंधाऱ्या कोपऱ्यात घाईघाईने दोन पळ्या घशाखाली ढकलायचा आणि तोंड पुसून दारात गात बसायचा. सुरुवातीला रांजण उतरताना पाहून तो दुसरी पळी अर्धीच भरायचा. मग उलटंच झालं. कितीही प्या, दारू कमी होईना! ही चूलदेवाचीच कृपा. शानफूने देवापुढे उदबत्ती लावली आणि कृपा एकट्याने लाटणं बरं नव्हे, म्हणून शेजारच्या यूलाही रोजचं बोलावणं धाडलं.

"जरा आंबट लागतेय का रे?" यूने विचारलं.

"मुरलीय. तुला काय कळतंय त्यातलं?"

"तू म्हणशील तसं बाबा," यू म्हणाला आणि भिंत धरत धरत घरी गेला.

पुढच्या तपासणीत रक्त नितळ निघालं. वैद्यबुवा खूश झाले, ल्यूयिंग खूश झाली, बदकंही टुणटुणीत होती.

रुइलानला मुलगी झाली आणि व्याही-विहीण दारू न्यायला आले. ल्यूयिंगने रांजण अंगणात आणून ठेवला होता. शेजारी जमले. रीतीप्रमाणे पळी शानफूच्या हातात आली. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बिघडली! नुसता घसा जाळतेय. ही आमच्या घरची दारूच नव्हे!"

"अगंबाई!" विहीणबाई म्हणाल्या. "मग बाळंतिणीला घालायचं काय?"

ल्यूयिंगने नवऱ्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. चुलीमागे रांजण होता तिथेच होता.

"तुझा हा. खरी दारू मी पहिल्याच आठवड्यात बहिणीकडे हलवली. यात लाल तांदूळ आणि आंबट रानफळं उकळून ओततेय. वासापुरता दारूचा मूठभर चोथा."

"पण मला चढायची ती!"

"यूलाही चढायची."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगून कधी औषध घेतलंयस तू?"

बाहेर लेकीची दारू नासकी ठरली होती, तीही त्याच्याच तोंडून. दारू चांगली म्हणावं तर उभ्या जन्माची अब्रू जाते, अब्रू राखावी तर पोरीच्या ताटातला रस्सा जातो. त्याला मनापासून लाज वाटली. तो अंगणात गेला.

"विहीणबाई, दारू अस्सल आहे. माझी जीभच गेली. यापुढे मला चव बघायला कुणी बोलावू नका."

अंगण हळहळलं. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. विहीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून रांजणाचं तोंड बांधायला घेतलं.

पण मित्राची अशी मानहानी यूला बघवेना. तो पुढे आला, पळीभर दारू तोंडात घेतली आणि थुंकून टाकली.

"जीभ कसली जातेय! शानफूचंच बरोबर आहे. ही त्याच्या घरची नव्हेच. त्या चुलीमागच्या रांजणातली आम्ही दोघं रोज पितो की!"

विहीणबाईंचे हात थांबले.

"रोज?" त्यांनी विचारलं.