अम्पोन्सा उतरायला तयार नाही

सुआमेच्या गॅरेजांत क्वाकू न्सिया छातीठोकपणे सांगायचा, "दाराला कान लावला की कुठली तार मेली ते मला कळतं." जुन्या गाड्यांची सगळी दारं ज्यांनी एकदम लागतात ना, ती विजेची कुलपं त्याच्याच हातानं सुधारायची.

अम्पोन्साच्या गाडीचंही काम त्यानंच केलं होतं, गुरुवारी. अम्पोन्सा जन्मभर ड्रायव्हर. मेल्यावर त्याला त्याच्याच गाडीतून न्यावं, असं घरच्यांनी ठरवलं. दाराच्या बिजागरीपाशी कुलपाची तार तुटली होती. नेमकी वीज गेली, तार झाळून जोडता येईना. क्वाकूनं तारा पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. दफनापर्यंत टिकली म्हणजे झालं.

शनिवारी सकाळी शवपेटी घेऊन गाडी अंगणात आली. गाडी चालवणारा अम्पोन्साचा भाचा उतरला, दार आपटलं. खटक्! पाचही दारं बंद. किल्ली आत, अम्पोन्सा आत.

क्वाकू दफनाला आलेल्यांत उभा होता. त्या दाराची मूठ वर उचलून धरली की सुटलेल्या तारा एकमेकींना टेकणार आणि कुलूप उघडणार, हे त्याला ठाऊक होतं. तो हळूच पुढे सरकला.

"हात लावू नकोस," घराण्याचे वडील, नाना आज्येई म्हणाले. त्यांनी पूर्वजांसाठी जमिनीवर दारू ओतली. "अम्पोन्साला उतरायचं नाही. घरातल्या कुणीतरी त्याचं वाईट केलंय. करणारा कबुली देईपर्यंत गाडीला कुणी शिवायचं नाही."

"काच फोडू का, नाना?" भाच्यानं विचारलं.

"मेलेल्या मामाच्या अंगावर चोरासारखा चालून जाणार?"

अम्पोन्साच्या धाकट्या भावानं कोकोच्या मळ्याचा बांध सरकवल्याचं कबूल केलं. कुलूप ढिम्म. बहिणीनं अम्पोन्साच्या तीन कोंबड्या खाल्ल्याचं सांगितलं.

"तू तर रानमांजरानं नेल्या म्हणालीस," भाऊ म्हणाला.

ऊन चढलं. पेटीवरची फुलं माना टाकू लागली. मग सगळे अम्पोन्साच्या बायकोकडे वळले.

"शेवटचं सूप तूच वाढलंस ना, आफुआ?" नाना म्हणाले. "बोल. नाहीतर पोरींना घे आणि आजच घर सोड."

आफुआ गाडीपाशी गुडघ्यांवर बसली. काय कबूल करावं तेच तिला सुचेना. "मीठ..." ती म्हणाली, "मीठ जास्त पडलं असेल."

कुणी हसलं नाही.

क्वाकूला राहवेना. वीस वर्षांचं नाव गेलं तर गेलं. "नाना, तिचा काही दोष नाही. दोष माझा. मी तार झाळलीच नाही." त्यानं मूठ उचलून धरली. खटक्. पाचही कुलपं उघडली.

बायांनी तोंडावर हात ठेवले. नानांनी टोपी काढली. "अम्पोन्सा, केलंस माफ याला?"

"नाना, मी तारेचं बोलतोय."

"तार राहू दे. कधीपासून मनात ठेवलं होतंस?"

"गुरुवारपासून."

"म्हणजे तो मेल्यावर?" नानांनी मान हलवली. "जिवंत माणसाला लोक फसवतात. तू मेलेल्यालाही सोडलं नाहीस."

आफुआ घरातच राहिली.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावाहून एकजण गॅरेजात आला. गाडीचं मागचं दार उघडत नव्हतं. क्वाकूनं हत्यारांची पेटी उचलली.

"ती राहू द्या, दादा," माणूस म्हणाला. "तुम्ही नुसतं चला आणि कबूल करा."